टिंबानंतर एक अंक

कोरेगाव,
११ सप्टेंबर २०२४

चि. रेश्मा,

नानामामाचा आशीर्वाद घे आणि सोबत एक कामही घे. दोन्ही एकदम पाठवतोय, कारण नुसत्या आशीर्वादाचे पाकीट तू आठवडाभर उघडत नाहीस, असे तुझी आई सांगते.

फोन का केला नाही, असे विचारशील. आमच्या घरचा फोन तुझ्या मामीच्या ताब्यात असतो. ती आधी सांगलीचा पाऊस विचारणार, मग तुझ्या आईचे, मायाताईचे, गुडघे, आणि फोन माझ्या हाती येईतो चार्जिंग संपणार. शिवाय मी फौजेत अठ्ठावीस वर्षे पत्रावर संसार केला. पत्रात माणसाला मध्येच तोडता येत नाही.

काम असे. आमच्या माजी सैनिक संघाचा दिवाळीनंतर वधू-वर मेळावा आहे आणि मी त्याचा सेक्रेटरी. तीनशे चौदा फॉर्म आलेत. गेल्या वर्षी जुळणीची यादी आम्ही हाताने केली आणि एका घरातल्या सख्ख्या बहीण-भावाला एकमेकांचे स्थळ सुचवले. म्हणून अध्यक्ष हंबीरराव म्हणाले, "नानासो, औंदा समदं काम्प्युटरवर. कुणाला कोन जमतंय ते मशिननंच सांगू दे. म्हंजे माणसावर बोल न्हाई."

तू पॉलिटेक्निकला पोरांना कॉम्प्युटरची सी भाषा शिकवतेस. एक प्रोग्राम करून दे. त्यात नाव, वय, शिक्षण, नोकरी आणि मुख्य म्हणजे उंची हवी. मुलगा मुलीपेक्षा उंच असलाच पाहिजे, ही अट हंबीररावांनी जातीने घातली आहे. ते स्वतः वहिनींच्या खांद्याला लागतात, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द कोणी मोडत नाही.

मीही फौजेच्या सिग्नल विभागात असताना सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केला होता, पण आता सगळे विसरलो. सोपे करून पाठव.

नानामामा


माधवनगर,
१९ सप्टेंबर २०२४

नानामामा,

नमस्कार वाकून केला आहे, आणि मला वाकायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो हे तुम्ही जाणताच.

प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून याच पाकिटात ठेवला आहे. उंची सेंटिमीटरमध्येच घ्या. १६२.५ लिहिले तर यादीत १६२.५० छापून येईल, कारण छपाईच्या ओळीत मी `%.2f` लिहिले आहे. टक्क्याची खूण म्हणजे इथे आकडा येणार. f म्हणजे तो दशांशाचा आकडा. मधला २ म्हणजे टिंबानंतर दोन अंक छापायचे. आकडा मशीनच्या पोटात कसाही असो, बाहेर येताना तो असा कपडे घालून येतो. त्या २ ला हात लावू नका. माझी पोरे पहिल्या सहामाहीत नेमके तिथेच बोट घालतात आणि मग प्रॅक्टिकलला माझ्याकडे बघत बसतात.

आता माझी अट. माझा फॉर्म भरायचा नाही. मी चौतीस वर्षांची, पाच फूट दहा इंच. माझे अकरा कार्यक्रम झाले, आणि अकराही वेळा मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तशा समोरच्यांच्या माना हळूहळू वर गेल्या. शेवटच्या वेळी तुम्हीही होता. मुलाच्या आईने विचारले, "बसल्यावर बरी दिसते. नेहमी बसूनच राहील का?" मी तिथे हसले आणि ते गेल्यावर न्हाणीघरात नळ सोडून रडले. आईला कळले नाही असे आई दाखवते.

मला बारावा कार्यक्रम नको आहे. कॉलेज, घर, पुस्तके, माझे चांगले चालले आहे. तेवढा शब्द द्या आणि मग पाहिजे तितके प्रोग्राम मागा.

रेश्मा


कोरेगाव,
११ ऑक्टोबर २०२४

चि. रेश्मा,

खुशाली कळव, आमची ठीक आहे. तुझी अट वाचली. दोनदा वाचली. त्याबद्दल वेगळे लिहायची गरज नाही.

तुझा प्रोग्राम बिनतक्रार चालतो. फक्त सेंटिमीटर चालले नाहीत. लोक म्हणाले, सेंटिमीटर भरतीला, लग्नाला फूटच पाहिजेत. सगळ्यांनी फॉर्मवर आपल्या रीतीनेच लिहिले. पाच फूट चार इंच म्हणजे ५.४ आणि पाच फूट दहा म्हणजे ५.१०. शिंपीसुद्धा असेच लिहितो, तेव्हा मीही तसेच टाइप केले.

पहिली यादी बैठकीत ठेवली आणि गोंधळ उडाला. सगळ्या ५.४ च्या मुली ५.४० झाल्या होत्या. कोंडीबा, ज्याच्या छापखान्यात पुस्तिका छापायची आहे तो, चष्मा वर करून म्हणाला, "पाच फूट चाळीस इंच? पोरगी हाय का इजेचा खांब?"

हंबीररावांनी टेबलावर हात आपटला. "टिंबाच्या फुडल्या शेवटच्या शून्याला काय बी किंमत नसती. चौथीत शिकवत्यात. काढून टाका." लगेच ठराव क्रमांक सात मांडला गेला, की यादीतील निरर्थक शून्ये वगळावीत. बाजूने नऊ मते, विरुद्ध शून्य. हे शेवटचे शून्य मात्र इतिवृत्तात ठळक लिहायला लावले.

ठरावाची अंमलबजावणी माझ्याकडे आली. मी तुझ्या २ चा १ केला. आता टिंबानंतर एकच अंक येतो आणि यादी दिसायला अगदी परेडसारखी सरळ आहे. पुढच्या आठवड्यात छपाई.

नानामामा


माधवनगर,
१५ ऑक्टोबर २०२४

नानामामा,

नमस्कार नंतर. आधी छपाई थांबवा.

मशीनला फूट आणि इंच कळत नाहीत. तुम्ही ५.१० टाइप केले की ते पाच पूर्णांक दहा शतांश वाचते, म्हणजे ५.१. त्यामुळे पाच फूट एक इंचवाला आणि पाच फूट दहा इंचवाला त्याच्या लेखी जुळे भाऊ. पाच फूट अकरावाला पोटात निदान ५.११ राहिला असता, पण तुम्ही २ चा १ केल्यामुळे कागदावर तोही ५.१. आणि जुळणी करताना मशीन म्हणणार, ५.९ हा ५.११ पेक्षा मोठा. म्हणजे सहा फुटांखाली तालुक्यात सगळ्यात उंच पाच फूट नऊवाला, आणि पाच फूट अकराचा जवान पाच फूट दोनच्या मुलीपुढे बुटका.

नुसता १ चा परत २ करून भागणार नाही. फॉर्मच पुन्हा टाइप करावे लागतील, सेंटिमीटरमध्ये. कळवलेत की मी येऊन करून देते.

फोन केला होता. मामीने पाऊस विचारला.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. कोर्स केलेल्या माणसाच्या नजरेतून हे सुटले कसे?

रेश्मा


कोरेगाव,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. रेश्मा,

तुझे पत्र पोचले, पण पुस्तिका छापून झाली. चारशे प्रती. टपालाचे काय सांगावे. परवा रविवारी मेळावाही पार पडला. पार पडला हा शब्द मी विचार करून वापरतोय.

वीरधवल नावाचा एक जवान खास रजा काढून आला होता. चांगला पाच फूट अकरा. पुस्तिकेत त्याची उंची ५.१ आणि खाली छापलेले, "वय, शिक्षण, उंची जुळणारी स्थळे: नाहीत." त्याची आई त्याला दंडाला धरून स्टेजवर घेऊन आली. "आवं, ह्यो दारातनं वाकून आत येतोय, आन् तुमी ह्याला बुटका लिवलंय व्हय?"

हंबीररावांनी पुस्तिकेत पाहिले, मग वीरधवलकडे पाहिले, मग पुन्हा पुस्तिकेत पाहिले. म्हणाले, "पुस्तकात तर पाच-एकच हाय, वैनी. एकदा छापल्यावर कमिटीला काय करता येत न्हाई." वीरधवल बिचारा गुडघे थोडे वाकवून उभा राहिला, कमिटी खोटी पडू नये म्हणून. फौजेची शिस्त अशी असते.

असे तेवीस जवान निघाले. उलट आप्पासो म्हणून एक क्लार्क आहे, पाच फूट नऊ, त्याच्यापुढे मुलींच्या बापांची रांग लागली. संध्याकाळपर्यंत तो खरोखरच टाचा उचलून चालायला लागला होता.

शेवटी फेरमोजणी उपसमिती नेमली. तिने शिंप्याकडून टेप आणली. टेप पाचच फुटांची असते, त्यामुळे वरच्या इंचांचा निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे.

बाकी ठीक. येत्या रविवारी कुठे जाऊ नकोस. घरीच अस, आणि शक्यतो बसून अस. मटार सोलायला घे.

नानामामा


माधवनगर,
१८ नोव्हेंबर २०२४

नानामामा,

नमस्कार पुढच्या पत्रात, जमला तर.

काल रविवारी मी मटार सोलत नव्हते. दारावरची ट्यूब गेली होती, ती बदलत होते. मला त्यासाठी स्टूल लागत नाही. हात वर, ट्यूब हातात, आणि दारात दोन माणसे उभी. एक पाच फूट चार इंचांचे गृहस्थ आणि त्यांची आई. आईंनी माझ्या पायांपासून सुरुवात केली आणि ट्यूबपर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला. म्हणाल्या, "आगं बया. ही तर तुळईला लागती."

गृहस्थांच्या हातात तुमची पुस्तिका होती. पान एकतीस. माझे नाव, माझे शिक्षण, माझा पत्ता, उंची ५.१. मामा, तुम्ही शब्द दिला नव्हता हे मला काल कळले. तुम्ही फक्त "वाचली" असे लिहिले होते.

त्यांचे नाव इंद्रजित. जतला जनावरांच्या दवाखान्यात असतात, वाड्या-वस्त्यांवर मेंढरांना लस टोचत फिरतात. आई बनाबाई. त्यांच्या घरी फौजेत होते ते त्यांचे वडील. आता माणसे जतहून एसटीने आलेली, हाकलू कशी. चहा टाकला आणि समोर बसून सगळे समजावले. टक्क्याची खूण, f, २, १, ठराव क्रमांक सात. वर्गात कोणी इतके लक्षपूर्वक ऐकत नाही. शेवटी बनाबाई म्हणाल्या, "म्हंजी मशिननं तुजं नऊ इंच खाल्लं?" मी म्हटले, खाल्ले मशीनने, वाढले माझ्या मामाने.

इंद्रजितनी विचारले, "मग माजं पाच-चार बरूबर हाय का?"

"तुमचे बरोबर आहे."

"म्हंजी चूक एकाच बाजूला हाय. निम्मं काम झालं."

मी हसले, खरी हसले. मग ते म्हणाले की त्यांना नऊ जणींनी उंचीवरून नकार दिलाय, वरून बघितलं जायची त्यांना सवय आहे. मेंढरे कशी हुशार असतात, लस टोचणाऱ्याला वर्षभराने कशी ओळखतात, ते सांगितले. माझ्या उंचीबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही.

तेवढ्यात बनाबाईंनी घड्याळ पाहिले, चहा अर्धा ठेवला आणि उठल्या. दारात म्हणाल्या, "कळवतो." तो शब्द मी अकरा वेळा ऐकला आहे. आता बारा.

मला राग कशाचा आला, सांगते. तुम्ही फसवलेत त्याचा आलाच. पण जास्त याचा आला की दहा मिनिटे मला बरे वाटले होते.

रेश्मा


कोरेगाव,
२४ नोव्हेंबर २०२४

रेश्मा,

तू विचारले होतेस, कोर्स केलेल्या माणसाच्या नजरेतून सुटले कसे. सुटले नाही.

तुझा फॉर्म मी पहिल्याच दिवशी भरला होता. पहिल्या यादीत तू ५.१० होतीस. ठराव झाला, मी २ चा १ केला, यादी पुन्हा काढली आणि एकतिसाव्या पानावर तू ५.१ दिसलीस. तेव्हाच सगळे ध्यानात आले. सी मी विसरलेलो नाही. तुझे पत्रही छपाईच्या दोन दिवस आधी पोचले होते. टपालाला उगाच नावे ठेवली. ते पत्र खिशात घालून मी छापखान्यात गेलो आणि कोंडीबाला म्हणालो, "चालू कर."

लोक ५.१० बघतात आणि पान उलटतात. मला एवढेच हवे होते की पान उलटायच्या आधी एकाने तरी तुझ्या घरी यावे आणि तुला बोलताना ऐकावे. तू बोलायला लागलीस की तुझी उंची ध्यानात राहत नाही. हे मला माहीत आहे, कारण मी तुला बोबडी असल्यापासून ऐकतोय.

पण एका भाचीसाठी तेवीस जवान आखूड केले, आणि जिथे तुला दुखत होते तिथेच बोट ठेवले. माझे चुकले. मोठ्या माणसाने असे लिहायचे नसते म्हणतात, पण मी लिहितो, माझे चुकले.

कमिटीकडे राजीनामा दिला. त्यांनी घेतला नाही. हंबीरराव म्हणाले, "नानासो, चूक झाली म्हटलं तर ठराव सात आमचा. म्हंजे चूक आमची व्हनार. तवा चूक झालेलीच न्हाई." आणि मेळावा यशस्वी केल्याबद्दल माझा सत्कार केला. मी शाल घरी आणून मामीच्या ट्रंकेत घातली, बघवत नाही.

तेवीस पोरांसाठी तरी प्रोग्राम दुरुस्त करून दे. कोंडीबा दुरुस्तीपत्रक फुकट छापायला तयार आहे. तुझे नाव त्यातून काढू का, ते कळव. या वेळी तू सांगशील तसेच करीन.

नानामामा


माधवनगर,
२० जानेवारी २०२५

नानामामा,

नमस्कार. वाकून.

पत्राला उशीर झाला, कारण पहिले तीन आठवडे मी तुमच्यावर रागावले होते आणि नंतर वेळ मिळाला नाही.

दुरुस्त केलेला प्रोग्राम आणि पत्रकाचा मजकूर मी तेव्हाच परस्पर कोंडीबांना पाठवला होता. तो करताना माझीही चूक दिसली. लोक फूटच लिहिणार हे मी आधीच ओळखायला हवे होते. उंची हा दशांशाचा आकडा नव्हताच, मामा. पाच वेगळा, दहा वेगळा. दोन पूर्ण आकडे, आणि मधले टिंब नुसते दोघांना वेगळे ठेवायला. आता मशीन फूट वेगळे वाचते, इंच वेगळे वाचते, आणि वीरधवल पाच फूट अकरा इंच छापून येतो. त्याचे जमले असे मामीने फोनवर सांगितले, पावसाच्या नंतर.

माझे नाव मी काढायला लावले नाही. उलट पत्रकाची पहिली प्रत स्वतः जतला धाडली. माझ्या नावाखाली रेघ मारून लिहिले, "पाच फूट दहा इंच. आधीचे चुकीचे होते. तुम्ही कळवतो म्हणाला होतात, तर हे वाचून कळवा." त्यांना नाही म्हणायला नीट वाट करून द्यावी, एवढाच विचार होता. निदान माझ्याकडून छापलेले तरी खरे असावे.

अठरा दिवस काही आले नाही. मी ट्यूबकडे बघायचे सोडून दिले होते.

मग एका रविवारी दोघे दारात. बनाबाई आत येऊन बसल्या आणि पहिल्यांदा ओरडल्याच. "पत्रक कशाला धाडलंस गं? म्या डोळ्यांनी बघितलं व्हतं की तुला. मला काय कागुद बघून कळनार व्हतं व्हय?"

मी म्हटले, "तुम्ही चहा अर्धा टाकून उठलात."

"जतची गाडी चुकली आसती. फुडची सांच्याला. आन् मंग ह्याचं लसीकरण निघालं, दीड म्हैना ह्यो मेंढरांतनं बाहेर आला न्हाई. कळवतो म्हटलं म्हंजी कळवतोच. तुमच्यात काय येगळं आसतंय?"

मामा, आमच्यात वेगळे असते. अकरा वेळा वेगळे होते. मी तसे सांगितल्यावर त्यांनी मागच्या वेळचा उरलेला चहा मागितला. मला रडू आले. या वेळी नळ सोडायला गेले नाही, तिथेच रडले, सगळ्यांसमोर. आईनेही या वेळी कळले नाही असे दाखवले नाही.

साखरपुडा फेब्रुवारीत. तुम्ही याद्या करायच्या नाहीत, फक्त यायचे. मी तुम्हाला माफ केले आहे, पण `%.1f` ला नाही. तो प्रश्न मी या परीक्षेला पोरांना दहा मार्कांना घातला आहे.

काल सांगलीत दोघांचा फोटो काढायला गेलो. फोटोग्राफरने आधी इंद्रजितना पाटावर उभे राहायला सांगितले. ते नको म्हणाले. मग त्याने मला खुर्चीत बसायला सांगितले. मीही नको म्हणाले. तो वैतागला. "आवं, दोघं उभी र्‍हायली तर म्याडमचं डोस्कं कापलं जातंय. माज्याकडं कागुद एवढाच हाय."

इंद्रजित म्हणाले, "मग माणूस कापू नगा. कागुद मोठा घ्या."

बारा वर्षे मी पोरांना आकडे छापायला शिकवते. इतके सरळ मला एकदाही सांगता आले नव्हते.

फोटो सोबत आहे. नेहमीच्या पाकिटात मावत नव्हता, म्हणून मोठे घेतले.

रेश्मा